पूर्ण प्रत की नुसता फरक?

समजा, पिंप्राळ्याच्या शाळेतले एक गुरुजी आणि धुळ्याच्या शाळेतल्या एक बाई मिळून विज्ञानाची प्रयोगवही लिहीत आहेत. वहीची प्रत दोघांकडेही आहे. आज पिंप्राळ्याला तीन ओळी बदलल्या. धुळ्याला कळवायचे कसे? सगळी वही पुन्हा उतरवून पाठवायची, की ‘पान १२, ओळ ४ : उकळते ऐवजी वितळते’ असे एक पोस्टकार्ड टाकायचे?

पोस्टकार्ड स्वस्त, हे उघड आहे. पण त्याला एक अट आहे. बाईंकडची वही या बदलाच्या अगोदरचीच आहे, याची गुरुजींना खात्री हवी. नाहीतर बाराव्या पानावर चौथी ओळ भलतीच निघायची! संगणकावर अनेकांनी मिळून लिहिण्याच्या पद्धतींचा इतिहास या अटीभोवतीच फिरतो.

हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू केले. पोथ्या देशभर विखुरलेल्या होत्या, आणि जिच्यावर डोळे मिटून विसंबावे अशी एकही नव्हती. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या देखरेखीखाली पाठभेद नोंदण्याची पद्धत पक्की झाली. कागदावर वर प्रचलित पाठातला श्लोक, खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ, आणि त्या ओळीत पोथीचा पाठ जेथे वेगळा तेवढाच लिहायचा. काही पोथ्या शांतिनिकेतन आणि तंजावर येथेच ताडून पाहिल्या गेल्या. सर्वांनी एकच पाठ आधार धरला होता, म्हणून नुसते फरक नोंदून भागले. हे काम १९६६ साली पुरे झाले.

संगणकाकडे वळू. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी प्रोग्रॅमच्या लागोपाठच्या आवृत्त्या फरकांच्या रूपात साठवणारी व्यवस्था तयार केली. पुढे बरीच वर्षे अशा व्यवस्थांमध्ये सगळा इतिहास एका मध्यवर्ती संगणकावर असे. मागची आवृत्ती पाहायची तर दर वेळी तारेवरून त्याला विचारावे लागे.

एप्रिल २००५ मध्ये दोन नव्या व्यवस्था पुढे आल्या : लिनस टोरवाल्ड्स यांची ‘गिट’ आणि मॅट मॅकॉल यांची ‘मर्क्युरियल’. लिनक्सचे काम ज्या ‘बिटकीपर’वर चाले, त्याच्या फुकट वापराची सोय तेव्हा काढून घेतली गेली होती. दोन्ही नव्या व्यवस्था विकेंद्रित. म्हणजे प्रत्येकाकडे नुसती वही नाही, तर वहीचा संपूर्ण इतिहास. हे महाग नाही का? पहिल्यांदा आहे. पण तो खर्च एकदाच. नंतर जुनी पाने चाळायला तार लागतच नाही.

आता पोस्टकार्डाची अट. दोन्ही व्यवस्था प्रत्येक टप्प्याला चाळीस चिन्हांचा एक ‘ठसा’ देतात. तो काढताना आधीच्या टप्प्याचा ठसाही हिशेबात धरलेला असतो. त्यामुळे एक ठसा जुळला की त्यामागचा सगळा इतिहास जुळला असे धरता येते. दोन संगणक आधी ठसे जुळवतात आणि मग फक्त पुढचे बदल पाठवतात.

थोडे गणित करू. जुना मोडेम सेकंदाला २८,८०० बिट, म्हणजे ३,६०० बाइट नेई. ३,६०,००० बाइटची वही जायला १०० सेकंद लागतील. ३६० बाइटच्या फरकाला सेकंदाचा दहावा भाग.

पण एवढ्याने तुलना संपत नाही. एक हजार वस्तू एकेक मागून घेतल्या आणि प्रत्येक प्रश्नोत्तराला ०.२ सेकंद लागले, तर २०० सेकंद नुसते वाट पाहण्यात जातात. तार रुंद केली तरी ते वाचत नाहीत. गिटचे सुरुवातीला असेच होई. तिची स्वतःची वाट चपळ होती. पण वेबच्या साध्या एचटीटीपी वाटेने वस्तू सुट्या सुट्या मागाव्या लागत. मर्क्युरियल मात्र त्याच वाटेने बदलांचे एकच गाठोडे पाठवी. ‘गूगल कोड’ या सेवेने २००९ मध्ये मर्क्युरियल निवडले, त्यामागे हे एक कारण होते. डिसेंबर २००९ मध्ये गिटनेही एचटीटीपीवरून गाठोडे पाठवण्याची सोय केली, आणि २०११ मध्ये गूगल कोडवर गिटही आले. (ही सेवा २०१६ मध्ये बंद झाली.) म्हणजे फरक विकेंद्रित असण्या-नसण्याचा नव्हता, संभाषण कसे करायचे, याचा होता. आणि जिथे तार बारीक किंवा लांबची, तिथल्या माणसाला या कामात भाग घेता येईल की नाही, हेही त्यावरच ठरते.

वर्गात हे करून पाहता येईल. दोन गटांना १०० पानांची वही द्या. अमुक पानापर्यंत ती सारखी, पुढे वेगळी. फक्त ‘या पानापर्यंत जुळते का?’ असे विचारून शेवटचे जुळणारे पान शोधायचे. पहिल्यापासून एकेक पान विचारत गेल्यास कदाचित शंभर प्रश्न लागतील. दर वेळी उरलेल्या पानांच्या मधले पान विचारले, तर सात पुरतात. सातच का, हे मुलांनाच शोधू द्या.