विश्वोत्क्रांतीचे संगणकीय प्रतिरूपण

आद्य, जवळजवळ एकजिनसी अवस्थेतून विश्वद्रव्याची आजची जालसदृश मांडणी गुरुत्वाकर्षणाने कशी घडली, याचा कोट्यवधी कल्पित कण घेऊन महासंगणकावर केलेला टप्प्याटप्प्याचा हिशेब. प्रत्येक कणावरील इतर प्रत्येक कणाचे आकर्षण मोजू गेल्यास आकडेमोड कणसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात फुगते. म्हणून निकटच्या कणांचा हिशेब वृक्षरचनेने आणि दूरच्यांचा जाळीवर करणारी ‘ट्रीपीएम’ ही कुशल पद्धती जसजीत सिंग बागला यांनी मांडली. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत (स्थापना 1988) थानू पद्मनाभन यांच्यासह त्यांनी या विषयाचे आरंभीचे संशोधन केले होते.

2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिलेनियम’ प्रतिरूपणात सुमारे 1,000 कोटी कण होते. त्यातील दीर्घिकांचा तपशील, हवा तेवढाच भाग प्रश्न विचारून काढता येईल अशा विदागारातून, अभ्यासकांना खुला झाला. हे औदार्य मूळ गणिताहून कमी मोलाचे नव्हे. कारण ज्याच्या पदरी महासंगणक नाही, त्यालाही त्यामुळे आपल्या अनुमानाचा पडताळा घेण्याची मुभा मिळते. वेधांच्या बाबतीतही हेच घडले : सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह पुण्यातील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने ‘स्लोन’ या आकाश-सर्वेक्षणाच्या खुल्या नोंदींतून हाती लागला व 2017 मध्ये जाहीर झाला.