‘सेल’ : रिकामी खोली आणि भरलेली

विजेरीत घालायचा सेल, कैद्याची कोठडी आणि सजीवांची पेशी या तिन्हींना इंग्रजीत ‘सेल’ असा एकच शब्द आहे. मराठीत त्यांना निरनिराळे शब्द असल्यामुळे त्यांचे मूळ एक आहे, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

लॅटिनमध्ये ‘सेला’ म्हणजे लहान खोली किंवा कोठार. मठातल्या साधूची खोली ती सेल आणि मधाच्या पोळ्यातले घर तेही सेलच. १६६५ साली रॉबर्ट हुक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना पोळ्यासारखे कप्पे दिसले. इंचाच्या अठराव्या भागात त्यांनी साठ कप्पे मोजले, म्हणजे इंचाला १,०८०. त्यावरून एक घन इंच बुचात १,२५,९७,१२,००० कप्पे असावेत, असे गणित त्यांनी मांडले. (हा गुणाकार विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा.) या कप्प्यांना त्यांनी सेल म्हटले. नाव चपखल होते, कारण बूच म्हणजे झाडाच्या सालीतली मृत ऊती. हुक यांना दिसल्या त्या केवळ भिंती.

पुढे मात्र हेच नाव दिशाभूल करू लागले. १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती व प्राणी पेशींचेच बनलेले असतात, असे प्रतिपादन केले. त्यांच्या विचारातही भिंतीला मोठे स्थान होते. परंतु प्राणिपेशीला अशी भिंत नसतेच! अखेर १८६१ मध्ये मॅक्स शुल्ट्झे यांनी पेशी म्हणजे केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा, अशी व्याख्या केली. खोलीपेक्षा खोलीत राहणारा महत्त्वाचा ठरला. नाव तेवढे खोलीचेच राहिले.

आपला ‘पेशी’ हा शब्द वेगळ्या वाटेने आला. सुश्रुतसंहितेत पेशी म्हणजे स्नायू. हिंदीत आजही स्नायूला मांसपेशी म्हणतात. म्हणजे आपला शब्द रिकाम्या कप्प्यापेक्षा शुल्ट्झेंच्या गोळ्याला अधिक जवळचा आहे.

तरीही आपले विद्यार्थी पेशी म्हणून वहीत विटेसारखा चौकोन काढतात आणि मधोमध एक ठिपका देतात. ती अजून हुक यांचीच खोली असते. तो चौकोन पुसून टाकू नका. ‘भिंत दिसली, आत काय चालले आहे?’ एवढेच विचारा. विज्ञानाला या प्रश्नापर्यंत यायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली.