कोळकांदा: नावातच फक्त कांदा

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या गडवाटांवर आपण किल्ल्यांचा इतिहास शोधत फिरतो. मला मात्र तिथल्या मुरमाड उतारांखालीही एक इतिहास दिसतो. तो आहे कोळकांद्याचा, म्हणजे रानकांद्याचा.

उन्हाळ्यात गवत वाळून गेलं की जमिनीतून एक उघडी काडी वर येते. पान एकही नाही, नुसती फिकट फुलं. पानं येतात पावसाळ्यात आणि पुढे सुकून जातात. वर्षाचा बराच काळ हे झाड म्हणजे जमिनीखालचा फक्त एक पांढरा कंद असतो.

दिसायला हा अगदी कांदा, पण त्याला कांद्याचा वास नाही. वनस्पतिशास्त्र त्याला आज शतावरीच्या कुळात बसवतं. विल्यम रॉक्सबर्गने त्याला 'सिला इंडिका' म्हटलं, 1843 मध्ये कुंथने 'अर्जिनिया' केलं, तर 1977 मध्ये जेसपने 'ड्रिमिया इंडिका'.

नावावर एवढा खल का? कारण याचा भूमध्य समुद्राकाठचा भाऊ 'स्क्विल' हे युरोपचं फार जुनं औषध. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीसनेही त्याबद्दल लिहिलंय. खोकल्यावर, अंगावरच्या सुजेवर ते देत. इंग्रज इथे आले तेव्हा त्यांना स्क्विलला देशी पर्याय हवा होता, आणि तो आपल्या डोंगरांवर आयता उगवत होता. मुंबईत औषधभांडार सांभाळणाऱ्या विल्यम डायमॉकने सहकाऱ्यांसोबत लिहिलेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका'त त्याची नोंद आहे.

पण जे द्रव्य औषध, तेच विष. कंदातली ग्लायकोसाइडं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. स्क्विलच्या लाल जातीपासून तर उंदीर मारायचं औषध बनायचं. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं विष बाहेर पडत नाही.

म्हणूनच रानभाज्यांचे रील पाहून पावसाळ्यात डोंगरावर जाणाऱ्यांनो, एवढं लक्षात ठेवा. फोडशीची पानंही लांबट आणि जमिनीलगतच उगवतात. फोटोवरून ओळख पटवू नका. भाजी खुडताना सोबत गावातली जाणती बाई हवीच.

वणवा वरून जातो, कंद खाली शाबूत राहतो. जेसीबी मात्र जमिनीसकट त्याला उपटतो. फार्महाऊससाठी उतार सपाट होतो, तेव्हा कागदावर ती जागा 'पडीक' असते. पानं नसलेल्या महिन्यांत पाहणी झाली, तर तिथे काही होतं हे कळणार तरी कसं?