विरोधी मताची नोंद

गुंजीसारख्या गावी पंचायतीचा वा देवस्थानचा जमाखर्च वाचला जातो, तेव्हा आम्हांस पुणे नगरपालिकेचे एक सभासद आठवतात. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे तेथे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपयांचा ठराव आला, त्याविरुद्ध त्यांनी एकट्याने मत दिले. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास लावावा, हे त्यांचे म्हणणे. मोठ्या मंडईच्या खर्चासही त्यांचा विरोध होता. तरीही १८८६ साली 'रे मार्केट' उघडले. पुढे त्यालाच महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. सभेत हरलेले मतही वृत्तांतात लिहिले जावे. पैसा कोणत्या गरजेस डावलून खर्चिला, हे पुढील पिढीस त्यावरूनच कळते.