चवड्यांवर चालणारे मूल

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुका हा धानाच्या पट्ट्यातला. येथील माणूस रोवणीला तासन्‌तास कमरेत वाकतो, जेवताना मांडी घालतो आणि गप्पांना उकिडवा बसतो. खुर्चीवर वाढलेल्या समाजाला यातील बरेच काही विचित्र वाटेल. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ गॉर्डन ह्यूज यांनी १९५५ साली जगभरातील बैठकींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच कारणाने आजही महत्त्वाचा ठरतो. बसण्याची 'योग्य' पद्धत बव्हंशी संस्कृती ठरवते. तेव्हा एखाद्या मुलाच्या बसण्या-उभे राहण्यावरून त्याच्या मेंदूविषयी अनुमान काढायचे, तर आधी गाव कसे बसते ते पाहिले पाहिजे.

तरीही काही ढबी गावाच्या चालीरीतीत बसत नाहीत. मूल टाच न टेकता चवड्यांवर चालते, गुडघे जुळवून पाय दोन्ही बाजूंना फेकून बसते, उभे असताना सतत झुलते किंवा मनगटे छातीशी दुमडून ठेवते. स्वमग्नता, अतिचंचलता आदी अवस्थांशी याचा संबंध जोडला जातो. तो पूर्णतः निराधार नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत स्वमग्नतेसोबत आढळणाऱ्या गोष्टींमध्ये वेगळी चाल, अवघडलेल्या हालचाली आणि चवड्यांवर चालणे यांचा उल्लेख आहे. मात्र तो सोबतच्या लक्षणांत आहे, निदानाच्या निकषांत नाही. हा फरक पालकांच्या लक्षात क्वचितच आणून दिला जातो.

असे का घडते, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. आपले हातपाय कुठे आहेत हे डोळ्यांनी न पाहता कळण्याची एक जाणीव स्नायू व सांध्यांतून मेंदूकडे जाते, आणि तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते. या संदेशांची जुळणी वेगळ्या रीतीने होत असेल, तर शरीर दाब, घट्टपणा वा हालचाल शोधू लागते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. काही मुलांचे सांधेच अधिक लवचिक असतात. अशा मुलाला ताठ बसणे हे कष्टाचे काम असते आणि पाय बाहेर फेकल्याने त्याला रुंद आधार मिळतो. अतिचंचल मुलांबाबत २०१५ साली सार्व्हर, रॅपोर्ट व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले निरीक्षण शिक्षकांनी वाचण्याजोगे आहे. ८ ते १२ वर्षांची ही मुले जितकी अधिक हालत होती, तितकी त्यांची स्मरणाच्या कामातील कामगिरी सरस होती. वर्गात 'नीट बस' असे दरडावल्याने मूल बसेल; शिकेलच असे नाही.

चवड्यांवर चालण्याचा प्रश्न जरा निराळा आहे. पाऊल टाकायला शिकणारी बरीच मुले असे चालतात आणि ही सवय साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत सुटते. स्वीडनमध्ये साडेपाच वर्षांच्या १४३६ मुलांच्या पाहणीत (२०१२) सुमारे ५ टक्के मुले कधी ना कधी विनाकारण अशी चालत होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांची सवय तोवर सुटलेली होती. विकासविषयक वा मानसिक निदान झालेल्या मुलांत मात्र हे प्रमाण ४१ टक्के होते. दोन्ही आकडे एकत्रच वाचावे लागतात.

खरा धोका 'स्वमग्नता असेल का' या चर्चेत दुसराच आजार निसटण्याचा आहे. टाचेची शीर आखडलेली असणे, सेरेब्रल पाल्सी, तसेच प्रामुख्याने मुलग्यांना होणारा ड्युशेन हा स्नायूंचा आनुवंशिक विकार, यांतही मूल चवड्यांवर चालते. ड्युशेनची एक खूण जमिनीवर बसणाऱ्या घरात लवकर दिसू शकते. मूल उठताना हात मांड्यांवर टेकत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभे राहते. पोटऱ्या फुगीर दिसतात, जिना चढणे जड जाते. अशा वेळी वाट न पाहता रक्तातील सीपीके तपासून घेणे आवश्यक असते. चालता येणारे मूल चालेनासे झाले, किंवा एकाच पायाने असे चालू लागले, तरीही तपासणी लांबवू नये.

यासाठी यंत्रणा आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करतात. विकासातील विलंबही त्यांच्या कक्षेत येतो. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पथकाच्या धावत्या भेटीत मूल बहुधा अवघडून नीट उभे राहते. म्हणून घरी चालताना, जमिनीवरून उठतानाचे मोबाइलवरील चित्रण सोबत नेलेले बरे.

स्वमग्नतेच्या प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापन-श्रेणीत ४० मुद्दे असून ७० गुणांपासून स्वमग्नता धरली जाते. नजरानजर, संवाद, भावनिक देवाणघेवाण, वर्तन, संवेदना यांवर त्यात भर आहे. केवळ बैठकीवरून कोणतेही मूल त्या ७० पर्यंत पोहोचत नाही.