गारा कोण अडवतो?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला तो एक जाडजूड वही घेऊन. घरच्या मंडळींना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो. तो आणि त्याचे चार-पाच मित्र शनिवारी रात्री जमून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली बाजारात आणलेला खेळ. एकजण गोष्ट रचतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि जिथे अडेल तिथे फासे टाकायचे. फासेसुद्धा वीस-वीस बाजूंचे! यंदा गोष्ट रचायची पाळी आमच्या भाच्याची. त्याने एक अख्खं राज्य रचलं होतं. नकाशा, नद्या, राजघराण्याची वंशावळ, सगळं.

"मामा, तू इतिहास वाचतोस ना? मग हे जरा तपासून दे. खरं वाटलं पाहिजे."

मला काय, असलं काम म्हणजे मेजवानीच. चहा घेऊन बसलो.

राज्य तेराव्या शतकातल्या इंग्लंडसारखं होतं. गढ्या, मठ, गरीब कुळं, माजलेले सरदार. आणि जागोजागी जादूगार. वाचता वाचता एक गोष्ट खटकायला लागली. जादूगार मनोऱ्यात बसून होते, शेतकरी खाली उपाशी होते, आणि दोघांची कधी गाठच पडत नव्हती.

म्हटलं, "तुझ्या खेळात शेताचा मंत्र आहे का रे?" निघाला! अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतलं पीक वर्षभरासाठी दुप्पट करणारा. कागद घेऊन हिशोब मांडला. अर्धा मैल त्रिज्या म्हणजे साधारण ५०० एकर, एखाद्या गावाची जमीन. तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एक पोतं गहू पेरला तर चारेक पोती हाती यायची. त्यातलं एक पुढच्या वर्षीच्या बियाण्याला बाजूला काढायचं. राहिली तीन. यातूनच जमीनदाराचा वाटा, चर्चचा दशांश आणि घरातली तोंडं. आता मंत्राने पीक दुप्पट झालं तर आठ पोती. बियाणं तेवढंच, एक. म्हणजे राहिली सात! पीक दुप्पट, पण हातात उरलेलं दुपटीहून जास्त. असा मंत्र येणारा माणूस मनोऱ्यात बसून राहील? सरदार त्याला पळवून नेतील, मठ त्याला दीक्षा देतील, आणि त्याच्यावरून लढाया होतील.

तीच गत सत्य वदवणाऱ्या मंत्राची. तो असताना तुझा न्यायाधीश निरपराध माणसाला फाशी कसा देतो?

भाच्याचं तोंड उतरलं. "मग काय, जादू काढूनच टाकू?"

खरं सांगतो, या प्रश्नावर मी पण थोडा अडलो. आणि मग लक्षात आलं की उत्तर त्याच्या नकाशात नव्हतंच, ते इतिहासातच होतं. मध्ययुगातली माणसं आपल्यासारखी जादू नसलेल्या जगात राहतच नव्हती. त्यांच्या दृष्टीने जादू होती. आणि ती आहे असं धरून त्यांनी कर बसवले, न्यायालयं चालवली, राजे मानले. म्हणजे जादूसकट समाज कसा उभा राहतो याचा नमुना आयता तयार आहे. नुसतं बघायचं की जादूचे पैसे कोण देतं, तिचा अधिकार कोणाकडे असतो, आणि ती फसली की दोष कोणाच्या माथी जातो.

सगळ्यात आधी आठवला तो लियाँचा आगोबार्ड. हा फ्रान्समधल्या लियाँ शहराचा आर्चबिशप, ८१६ पासूनचा. त्याने गारा आणि मेघगर्जना या विषयावर एक छोटंसं पुस्तक लिहिलंय. त्या भागातल्या लहानथोर सगळ्यांची समजूत अशी होती की काही माणसं मंत्राने वादळ उठवतात. मग 'मागोनिया' नावाच्या देशातून ढगांतून जहाजं येतात, गारांनी झोडपलेलं धान्य भरून नेतात आणि वादळवाल्यांना त्याचा मोबदला देतात. आहे की नाही तयार कथानक!

पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची तक्रार. आगोबार्ड म्हणतो, आम्हाला वादळ उठवता येत नाही पण गाव वादळापासून राखता येतं, असं सांगणारी माणसंही आहेत. लोक त्यांना पिकातला ठरलेला हिस्सा देतात. त्या हिश्शाला नावही होतं, 'कॅनोनिकम'. आणि आर्चबिशपचं दुखणं हे की जे लोक चर्चचा दशांश देत नाहीत, विधवा-अनाथांना भीक घालत नाहीत, ते हा हिस्सा मात्र कोणी न मागता आपणहून देतात.

हा तर पीकविम्याचा हप्ताच झाला की! म्हणजे नवव्या शतकातल्या शेतकऱ्यासमोर दोन रक्षणकर्ते होते आणि धान्याची रास एकच. भाच्याला म्हटलं, तुझ्या राज्यातलं पहिलं भांडण इथे लाव. ड्रॅगन नंतर आण.

आणि हे सांगताना मला आजी आठवली. आईच्या माहेरकडची, विदर्भातली. ती गारपगाऱ्याच्या गोष्टी सांगायची. तुमच्यापैकी वऱ्हाड-नागपूरकडच्या मंडळींना हा शब्द माहीत असेल. गारा अडवणं हे ज्याचं काम, तो गारपगारी. नाथपंथी माणूस, गावाचा सेवक, आणि शेतकऱ्यांकडून त्याला धान्य ठरलेलं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर मोठा ग्रंथ काढला, त्यात त्याचं वर्णन आहे. आभाळात तांबडं-काळं दिसू लागलं की तो हातात तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राहायचा. आधी विनवणी. देव ऐकेना तर धमकी, की जीव देईन. कधी बायकोपोरांनाही देवळापुढे आणून उभं करायचा. पूर्वी म्हणे स्वतःच्या अंगावर वारही करून घ्यायचा. रसेलच्या काळापर्यंत बोटातून थोडं रक्त काढण्यावर भागायला लागलं होतं.

लहानपणी आम्ही पोरं या गोष्टीला हसायचो. आजी हसायची नाही. ती म्हणायची, "अरे, गारा पडल्यावर सारं गाव त्याच्याकडेच बघायचं ना." त्या वयात त्यातलं काही कळलं नाही. पुढे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीने उभी पिकं झोपवली, तेव्हा टीव्हीवर बांधावर बसलेला एक शेतकरी बघताना ते वाक्य आठवलं. गारपगारी काय अडवू शकत होता ते आपल्याला ठाऊक आहे. पण हातातोंडाशी आलेलं पीक असताना नुसतं आभाळाकडे बघत बसणं माणसाला सोसत नाही. आपल्या वतीने कोणीतरी तिकडे उभं आहे, एवढ्यासाठी ते धान्य जायचं.

असो. भाच्याकडे वळू.

न्यायाचं काय? तर तेही त्या काळच्या लोकांनी करून पाहिलंय. आरोपीने तापलेलं लोखंड हातात धरून काही पावलं चालायचं. मग हात बांधून मोहोर करायची, आणि तीन दिवसांनी पट्टी सोडून बघायचं. जखम चिघळली तर दोषी, नीट भरत असली तर निर्दोष. देव खोटं बोलणार नाही, हा त्यामागचा विश्वास. आपल्याकडे मराठेशाहीतल्या निवाड्यांत 'दिव्य' येतं, ते याच जातीचं. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचं ते रवादिव्य.

हंगेरीच्या राज्यातल्या वाराद इथली (आज ते गाव रोमानियात आहे) १२०८ ते १२३५ मधली नोंदवही टिकून आहे. लोखंडाच्या ३०८ प्रकरणांपैकी १०० मध्येच मिटली किंवा सोडली गेली. उरलेल्या २०८ पैकी १३० माणसं निर्दोष ठरली. आता तापलेलं लोखंड एवढ्यांना सोडेल का? मला वाटतं मधल्या पाद्र्याला बराच वाव असणार. लोखंड किती तापवायचं आणि जखम 'बरी' कशाला म्हणायची, हे त्याच्या हातात. आणि ज्याला आपला गुन्हा माहीत आहे तो बहुधा लोखंडापर्यंत जातच नसेल, आधीच तडजोड करत असेल. म्हणजे यंत्रणा चालत होती, पण सगळ्यांचा तिच्यावर विश्वास होता म्हणून.

मग १२१५ साली पोप तिसऱ्या इनोसंटच्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना अशा दिव्यात भाग घ्यायला बंदी केली. झालं! पाद्री नाही तर देव नाही, आणि देव नाही तर निकाल नाही. इंग्लंडने १२१९ पासून ती जागा हळूहळू ज्युरीने भरून काढली. युरोपात बऱ्याच ठिकाणी आरोपीचा कबुलीजबाब हाच मोठा पुरावा ठरला, आणि तो मिळवायला छळ आला. एक चमत्कार काढून घेतला तर न्यायाच्या दोन तऱ्हा निपजल्या. म्हणून भाच्याला म्हटलं, तुझा सत्याचा मंत्र ठेव खुशाल. पण तो कोणाला म्हणता येतो, आणि खरा म्हटला की खोटा हे कोण ठरवतं, तेवढं लिही. तुझा न्यायाधीश तिथे लबाडी करेल.

राजाचंही तसंच. इंग्लंड-फ्रान्सच्या राजांच्या स्पर्शाने गंडमाळा बऱ्या होतात अशी श्रद्धा होती. पहिल्या एडवर्डने १२८९-९० या एका वर्षात १,७३६ रुग्णांना हात लावला. प्रत्येकाला एक पेनी दिली गेली, म्हणून हिशोबात आकडा राहिला. एक पेनी म्हणजे मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी. गुण आला की नाही हा प्रश्न वेगळा, पण एवढी माणसं राजाला शिवून पेनी घेऊन गावोगाव परत गेली की मग राजाच्या हक्काबद्दल शंका कोण घेणार?

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग वहीचं शेवटचं प्रकरण उघडलं. त्यात एका गावात लोक एका म्हातारीला चेटकीण म्हणून जाळायला निघालेत. खेळाडूंनी तपास करायचा. आणि उत्तर काय, तर ती खरोखरच चेटकीण आहे. तिला पकडून दिलं की बक्षीस.

मला ते आवडलं नाही. का, ते नीट सांगायला जरा वेळ लागला.

मध्ययुग म्हटलं की चेटकिणी जाळणं, असं आपण धरूनच चालतो. पण मध्ययुगाचा बराच काळ चर्चची भूमिका उलटी होती. शार्लमेनने ७८५ च्या सुमारास जिंकलेल्या सॅक्सनांसाठी कायदा केला, त्यात चेटकीण समजून कोणाला जाळणाऱ्यालाच मृत्युदंड होता. ९०६ च्या सुमाराला प्र्युमच्या रेगिनोने जो नियम नोंदवला, तो म्हणतो की रात्री आपण देवतेबरोबर उडत जातो असं मानणाऱ्या बायका भ्रमात आहेत. आगोबार्डच्या वेळीही लोकांनी ढगातल्या जहाजातून पडलेले म्हणून तीन पुरुष आणि एक बाई अशी चार माणसं साखळदंडात धरून आणली होती, दगडांनी ठेचायला. बराच वाद घालून त्याने लोकांना निरुत्तर केलं.

त्याआधी काही वर्षं गुरांची साथ आली होती. तेव्हा बेनेव्हेंटोच्या ड्यूकने विषारी भुकटी टाकायला माणसं पाठवलीत अशी आवई उठली, आणि कित्येकांना मारून टाकण्यात आलं. आगोबार्ड साधा हिशोब विचारतो. भुकटीने फक्त गुरंच कशी मेली, बाकीची जनावरं का नाहीत? आणि अख्ख्या बेनेव्हेंटोची माणसं तीन-तीन गाड्या भुकटी घेऊन आली तरी एवढ्या मुलखाला पुरेल का? सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे, तो सांगतो, पकडलेल्यांपैकी काहीजण स्वतःच कबूल होत होते.

पुढे शहाण्यासुरत्यांनाच चेटूक खरं वाटायला लागलं. हाइनरिख क्रेमरचा इन्सब्रुकमधला खटला १४८५ साली उधळला गेला आणि तिथल्या बिशपने त्याला निघून जायला सांगितलं. त्याने मग १४८६ च्या सुमारास चेटकिणींचा पुरता ग्रंथच लिहून काढला. मोठी कत्तल झाली ती त्याच्याही नंतर, सोळाव्या-सतराव्या शतकात. एकूण ४० ते ६० हजार माणसं मारली गेली असा अंदाज आहे, आणि त्यांत बहुसंख्य बायका.

"तुझ्या राज्यात जादू खरी आहे, ठीक आहे," मी म्हटलं. "पण म्हणून गावकऱ्यांचं बोट खरं होत नाही. जादू खरी असलेल्या गावात तर म्हातारीला स्वतःला वाचवणं आणखी कठीण. कारण 'असं काही नसतंच मुळी' असं म्हणणारा आगोबार्डही तिथे नाही."

आपल्याकडे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, हेही त्याला सांगितलं. भाचा बराच वेळ गप्प होता. मग "बघतो," म्हणाला आणि वही घेऊन गेला. मला वाटलं, मामाने खेळाचा विचका केला.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. प्रकरण बदललंय. आता त्या गावात गारा अडवणारा एक माणूस आहे. त्याला मंत्र खरंच येतो, पण तो म्हातारा झालाय, आणि यंदा त्याचा मंत्र चालला नाही. पीक गेलंय. मठाधिपती लोकांना सांगतोय की दशांश दिला असतात तर वाचला असतात. गाव त्या माणसाच्या बायकोकडे बोट दाखवतंय. खेळाडूंना सूर्यास्ताच्या आत ठरवायचंय.

"आणि उत्तर काय?" मी विचारलं.

"उत्तर नाहीये मामा. नुसत्या गारा पडल्या होत्या."

आजी असती तर तिला हे ऐकवलं असतं.