चाकांवरचा मुक्काम : कुटुंबासाठी कॅम्पर व्हॅनची रचना कशी निवडावी?

प्रवासाचे वाहन आणि मुक्कामाची खोली एकाच सांगाड्यात बसविणारी गाडी म्हणजे कॅम्पर व्हॅन. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केल्यानंतर आपल्याकडेही या गाड्यांविषयीचे कुतूहल वाढले आहे. गाडी भाड्याने घ्यावयाची असो वा नवी बांधून घ्यावयाची असो, पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम टीव्ही, शीतकपाट आणि रंगीत दिव्यांकडे जाते. प्रत्यक्षात सहलीचे सुख-दुःख ठरते ते पलंग कोठे आहे, आसने कोणत्या दिशेला आहेत आणि ओटा कोणत्या दाराशी आहे यावर. हीच गाडीची अंतर्गत रचना होय.

या निवडीत घाई महागात पडते. घरातील कपाट हलविता येते. गाडीतील आसने, गॅसची जोडणी वा छत मनास येईल तेव्हा बदलता येत नाही. मोटर वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ अन्वये वाहनात केल्या जाणाऱ्या बदलांवर बंधने आहेत. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे भारतीय मानक आहे. नोंदणीत न बसणारी गाडी अपघातानंतरच्या विमा दाव्यातही अडचणीची ठरू शकते. म्हणून रचनेचा विचार पैसे देण्यापूर्वीच पूर्ण व्हावयास हवा.

जर्मन साचा आणि आपली दिंडी

कॅम्पर व्हॅनचा आजचा साचा मुख्यतः जर्मनीतून आला. फोक्सवॅगनची व्हॅन १९५० मध्ये बाजारात आली आणि १९५१ पासून वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात बसविता येणारे सामान तयार केले. दिवसा बसावयाचे बाक रात्री पलंग होतो, ही युक्ती तेव्हापासून रूढ झाली. मात्र हा साचा आई-वडील आणि एक-दोन मुले एवढ्याच कुटुंबासाठी, थंड हवेच्या देशात घडलेला आहे.

आपल्याकडे बजाज टेम्पोने १९८७ मध्ये आणलेली ‘ट्रॅव्हलर’ आणि नंतरची टाटा ‘विंगर’ अशा गाड्यांवर कॅम्पर बांधले जातात. आपल्या सहलीत आजी-आजोबा असतात, कधी आत्या वा मामाचे मूलही असते आणि हवा वर्षातील बराच काळ उष्ण असते. पंढरीच्या वारीत दिंडीचा ट्रक काय करतो हे येथे आठवावे. तो शिधा, भांडी, अंथरुणे आणि राहुट्या वाहून नेतो. स्वयंपाक व झोप मात्र बाहेर होते. प्रत्येक गोष्ट गाडीच्या आतच झाली पाहिजे हा आग्रह सोडला, तर लहान गाडीतही मोठे कुटुंब सुखाने राहू शकते.

आधी रात्रीचा हिशेब

गाडी दाखविताना विक्रेता दिवसाची रचना दाखवितो. ग्राहकाने मात्र रात्रीची रचना मांडून दाखविण्यास सांगावे. रेल्वेच्या डब्यातील मधल्या बर्थचा अनुभव सर्वांनाच आहे. तो उघडला की खालच्याला बसता येत नाही आणि एकाला झोप आली की सहाही जणांना झोपावे लागते. कॅम्परमधील घडीच्या पलंगांचेही तसेच आहे. लहान मूल साडेआठला झोपते, आजोबा पहाटे पाचला उठतात, कोणाला रात्री दोनदा उठावे लागते. एकाच्या झोपण्या-उठण्याने इतरांचा पलंग मोडावा लागू नये, ही चांगल्या रचनेची पहिली कसोटी मानावी.

मापे मीटरपट्टीने घ्यावीत. प्रौढ व्यक्तीस किमान १.८५ मीटर लांब व ६५ ते ७० सेंटीमीटर रुंद जागा लागते, दोघांस १.३५ मीटर रुंदी हवी. गाडीच्या रुंदीत आडवा पलंग बसविला असल्यास आतील आस्तर लावल्यानंतरची रुंदी मोजावी. कागदावर पुरेशी वाटणारी जागा तेथे दहा-बारा सेंटीमीटरने कमी भरते आणि उंच माणसाला पाय दुमडून रात्र काढावी लागते.

चार प्रचलित रचना

पहिली, मागे कायमचा पलंग. मागील भागात दोघांचा पक्का पलंग, मध्ये ओटा आणि पुढे आसने. अंथरूण रोज घालावे लागत नाही आणि पलंगाखाली भरपूर सामान मावते. दोघांसाठी ही रचना उत्तम. परंतु चौथ्या माणसापासून अडचण सुरू होते. पलंग उंच असल्यास गुडघेदुखी असणाऱ्यांना चढणे कष्टाचे होते.

दुसरी, मागे समोरासमोर बाके. दिवसा बैठक, रात्री मधली फळी टाकून मोठा पलंग. पत्त्यांचा डाव, जेवण आणि गप्पा यांसाठी हिच्याइतकी सोयीची रचना नाही. दोष एवढाच की दररोज मांडामांड करावी लागते आणि सर्वांच्या झोपेची वेळ एक होते.

तिसरी, एकावर एक बर्थ. मागील बाजूस दोन वा तीन आडवे बर्थ. मुले असलेल्या कुटुंबास ही सर्वांत उपयोगी, कारण मुलांचे पलंग स्वतंत्र राहतात. वरच्या बर्थला कठडा, चढण्यास घट्ट बसविलेली शिडी आणि दोन बर्थमध्ये बसता येईल एवढी उंची आहे की नाही हे पाहावे. खालचा बर्थ घडी होणारा असेल तर सायकली व खुर्च्यांचीही सोय होते.

चौथी, वर उघडणारे छत वा जोडीची राहुटी. छत उचलले की वर दोघांची झोपण्याची जागा होते. तिच्या बाजू कापडी असल्याने हिवाळ्यात मजा येते. मुसळधार पावसात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात मात्र उपयोग मर्यादित. याऐवजी गाडीच्या बाजूस जोडता येणारी राहुटी स्वस्त पडते आणि गाडीच्या सांगाड्याला हातही लावावा लागत नाही.

झोपणारे किती, बसणारे किती?

‘सहा जणांची गाडी’ असे सांगितले जाते तेव्हा सहा जण झोपू शकतात की सहा जण सुरक्षित बसून प्रवास करू शकतात, हे स्पष्ट विचारावे. चालत्या गाडीत पलंगावर आडवे होणे धोक्याचे आहे, मग तो पलंग कितीही मऊ असो. गाडीच्या बाजूला समांतर असलेल्या बाकांवर अचानक ब्रेक लागल्यास शरीर आडवे फेकले जाते. म्हणून कुटुंबातील प्रत्येकासाठी पुढे तोंड असलेले, सांगाड्याशी पक्के जोडलेले आणि पट्टा असलेले आसन हवे. कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांस पट्टा वा बालआसन आवश्यक आहे. पट्ट्यांची संख्या मोजावी. तीच गाडीची खरी क्षमता.

ओटा, पाणी आणि शौचालय

आपल्या स्वयंपाकात फोडणी आहे. बंद गाडीत फोडणीचा वास व तेलकट वाफ अंथरुणात मुरते. त्यामुळे मागच्या दाराशी असणारा, दार उघडल्यावर बाहेर उभे राहून वापरता येणारा ओटा आपल्याकडे अधिक व्यवहार्य ठरतो. पावसाळ्यासाठी वर ताडपत्रीचे छप्पर असावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो खाली साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी आहे की नाही हे वाकून पाहावे. शेगडी पेटवून ऊब घेण्याचा प्रकार तर कधीच करू नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. आंघोळ वगळून माणशी दिवसाला दहा लिटर धरले तर सहा जणांस साठ लिटर लागतात. ऐंशी लिटरची टाकी म्हणजे जेमतेम सव्वा दिवस. आत न्हाणीघर बांधून जागा अडविण्याऐवजी बाहेर जोडता येणारा फवारा व पडदा पुरतो. शौचालयाची गोष्ट वेगळी. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असताना रात्रीच्या उपयोगासाठी कप्प्यात सरकविता येणारे छोटे शौचालय ही गरज आहे, चैन नव्हे. ते कोणाच्या उशाशी येत नाही एवढे पाहावे. त्याची टाकी योग्य ठिकाणीच रिकामी करावी, ओढ्यात वा शेताच्या बांधावर नव्हे.

वीज आणि वजन

बारा व्होल्टची १०० अँपिअर-अवर बॅटरी सुमारे १२०० वॅट-तास वीज साठविते. दोन छोटे पंखे रात्रभर, काही एलईडी दिवे, मोबाइल आणि लहान शीतकपाट यांचा दिवसाचा खर्च हजार वॅट-तासांच्या आसपास जातो. वातानुकूलन यंत्र मात्र एका रात्रीत त्याच्या चौपट वीज सहज खाते. बाहेरची वीजजोडणी नसेल तर ते बंदच ठेवावे लागेल हे गृहीत धरून खिडक्या समोरासमोर, जाळीसह आणि पलंगाच्या उंचीवर असलेली रचना निवडावी.

वजनाकडे फार थोडे लोक पाहतात. चार प्रौढ व दोन मुले मिळून ३२० किलो, पाणी ८० किलो, शिधा-भांडी-अंथरुणे ८० किलो, कपडे ६० किलो, राहुटी व खुर्च्या ४० किलो आणि भरलेला छोटा सिलिंडर १२ किलो एवढे धरले तरी आकडा सहाशे किलोंच्या घरात जातो. लाकडी कपाटे बसविल्यानंतर गाडीची एवढे वाहण्याची परवानगी शिल्लक राहते काय, हे वजनकाट्याच्या पावतीवरूनच कळते.

खर्ड्याच्या मुक्कामाची कसोटी

ही सारी तत्त्वे एका ठिकाणास लावून पाहू. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडच्या आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरवर खर्डा आहे. निंबाळकरांचा भुईकोट किल्ला, त्याच्याजवळ २०२१ मध्ये उभारलेला ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज, याच तालुक्यातील अहिल्यादेवी होळकरांचे जन्मस्थान चोंडी आणि बीड रस्त्यावरचा सौताड्याचा धबधबा अशी दोन दिवसांची सहल पुण्याच्या कुटुंबास सहज जमते. पुण्याहून नगरमार्गे अंतर दोनशे किलोमीटरांहून थोडे अधिक.

मुक्कामाच्या नियोजनाचा एक धडा तर खर्ड्याच्या इतिहासातच आहे. ११ मार्च १७९५ रोजी येथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. निजाम अलीबरोबर मोहिमेवर त्याचा जनानखानाही होता. माघार घेऊन तो खर्ड्याच्या छोट्या किल्ल्यात शिरला, मराठ्यांनी वेढा घातला आणि आत पाण्यावाचून हाल होऊ लागले. थोड्याच दिवसांत त्याला तहाच्या अटी मान्य कराव्या लागल्या. कुटुंबासह मुक्काम करणाऱ्याने आधी पाणी पाहावे, हे तेव्हाही खरे होते.

आज आई-वडील, दोन मुले आणि आजी-आजोबा अशा सहा जणांस येथे दोन रात्री राहावयाचे झाल्यास कोणती रचना घ्यावी? हा पर्जन्यछायेचा प्रदेश. उन्हाळा कडक आणि हिवाळ्याच्या रात्री गार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. वीज-पाण्याची जोडणी मिळेलच असे धरून निघू नये. म्हणून सहा पुढे तोंड असलेली आसने, मागे मुलांसाठी एकावर एक दोन बर्थ, मध्ये बाकांचा होणारा कमी उंचीचा पलंग आजी-आजोबांसाठी आणि आई-वडिलांसाठी बाजूची राहुटी ही मांडणी योग्य ठरेल. मागे बर्थ आल्याने ओटा सरकत्या दाराशी घ्यावा, म्हणजे तोही बाहेरून वापरता येईल. आजी-आजोबांचा पलंग शौचालयाजवळ आणि दाराजवळ असावा. जामखेडला टाकी भरून पुढे निघावे. मुक्कामासाठी जागामालकाची परवानगी घ्यावी. किल्ल्याच्या आवारात चूल पेटवू नये वा भिंतीशी गाडी लावू नये.

हीच सहल पती-पत्नी दोघेच करणार असतील तर मागे कायमचा पलंग असलेली छोटी गाडी पुरे. थोडक्यात, सर्वोत्तम अशी एक रचना नसते. ती कुटुंबागणिक आणि ऋतूगणिक बदलते.

निर्णयापूर्वी

दोन स्वस्त उपाय मोठा खर्च वाचवितात. पहिला म्हणजे गच्चीवर वा वाहनतळावर खडूने गाडीची खरी मापे आखणे. पलंग, ओटा, दार रेखून घरातील सर्वांनी त्या चौकटीत एक संध्याकाळ वावरून पाहावे. कोण कोणाला अडते ते लगेच कळते. दुसरा म्हणजे पसंत पडलेल्या रचनेची गाडी आधी दोन रात्रींसाठी भाड्याने घेणे. त्यांपैकी एक रात्र तरी बाहेरच्या विजेशिवाय काढावी. सकाळी सर्वांत कमी झोप कोणाची झाली, एवढे विचारावे. त्या व्यक्तीचा पलंग सुधारता येत असेल तरच ती रचना आपल्या कुटुंबाची. अन्यथा दुसरी पाहावी.